मुदतीत हरकत न आल्यास

सचिवालयाच्या तिसऱ्या मजल्यावर त्याला सगळे जावईबापू म्हणत. नाव ठेवलं होतं दारावरच्या शिपायाने, आणि ते इतकं चपखल बसलं की खुद्द सहसचिवसुद्धा कधीमधी चुकून तसंच हाक मारत. तो आला की न सांगता चहा येई, खुर्ची पुसून मिळे. कोणी केबिनबाहेर दोन-दोन तास ताटकळत ठेवलं तरी त्याच्या कपाळावर आठी उमटत नसे. खरं तर जावयाचे लाड होतात ते तो रुसेल या धास्तीने, आणि ह्याचे होत ते हा कधीच रुसत नाही म्हणून. पण टोपणनावाची एवढी चिरफाड कोण करत बसतो.

त्याची कंपनी फोनवरून आरोग्यसल्ला देणारं अ‍ॅप बनवत होती. दुखणं सांगायचं, अ‍ॅप चार-सहा प्रश्न विचारणार आणि मग सांगणार, विश्रांती घ्या, किंवा डॉक्टरकडे जा, किंवा ताबडतोब दवाखाना गाठा. अ‍ॅप बनवायला तीनशे माणसं होती आणि ते सरकारच्या गळी उतरवायला हा एकटा. कार्डावर ‘धोरण आणि शासकीय संबंध’ असं छापलेलं. त्याच्या वडिलांना, नानांना, ते काम कधी नीट उमगलं नव्हतं.

“म्हणजे तू बनवत काही नाहीस,” नाना एकदा म्हणाले होते.

“नाही.”

“विकतही नाहीस.”

“नाही. लोकांना भेटतो.”

नाना चौतीस वर्षं पोस्टमन होते. त्यांनी थोडा विचार केला. “मीही तेच केलं,” ते म्हणाले. “फक्त माझ्या हातात काहीतरी असायचं.”

त्याच्याही हातात असायचं, एक पान. मोठ्या अधिकाऱ्याला दुसरं पान द्यायचं नाही, हा त्याचा पहिला नियम. दुसरा नियम त्याला शिकवला होता एका निवृत्त उपसचिवांनी, ज्यांच्या हाताखाली तो या धंद्यात तयार झाला. ते म्हणायचे, “सरकारात ‘हो’ कोणीच म्हणत नाही, बाबा. ‘नाही’ म्हणायची मुदत संपते, त्यालाच ‘हो’ म्हणतात.” आणि ते खरंच होतं. प्रत्येक सूचनेच्या तळाशी ते वाक्य असतंच: मुदतीत हरकत न आल्यास संमती आहे असे समजण्यात येईल. प्रत्येक बैठकीच्या शेवटी अध्यक्ष विचारतात, “कोणाची हरकत?”, मनातल्या मनात पाच आकडे मोजतात आणि म्हणतात, “हरकत नाही, असं नोंदवा.” त्या पाच आकड्यांत मिठाची गुळणी धरून बसता येणं, हीच जावईबापूंची खरी विद्या. अकरा वर्षांत त्याने तोंड उघडून जेवढं मिळवलं नसेल तेवढं गप्प बसून मिळवलं होतं.

या गप्प बसण्याने त्याच्या घरात काय केलं, ते आता सांगायला हवं.

त्याची आई चार महिन्यांपूर्वी गेली. तिच्या फोनवर अ‍ॅप त्यानेच घालून दिलं होतं, मोठ्या अभिमानाने. अ‍ॅपचा आवाज बाईचा होता, म्हणून आई तिला डॉक्टरीण म्हणायची. “तुझी डॉक्टरीण बरी आहे हो,” ती सांगायची. “एकदासुद्धा घड्याळाकडे बघत नाही.” ही चापट कोणाला होती हे न कळण्याइतका तो भोळा नव्हता, पण त्याने ती हसून घेतली. आई-नाना दोघांनाही त्याने बजावून ठेवलं होतं, “मी सचिवालयात असतो, कामाच्या वेळात फोन करू नका. काही दुखलंखुपलं तर आधी अ‍ॅपला विचारा.” हे वाक्य पुढे त्याला आयुष्यभर पुरणार होतं.

त्या दिवशी दुपारी नाना वाचनालयात गेले होते. साडेपाचला परत आले तेव्हा आई सोफ्यावर होती आणि अंग गार पडायला लागलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय, चारच्या सुमारास. घर माणसांनी भरलं. नातेवाइकांचे नंबर काढायला म्हणून त्याने आईचा फोन उघडला आणि समोर अ‍ॅपच आलं.

दोन वाजून दहा मिनिटांनी आईने लिहिलं होतं: छातीत जड वाटतंय, जळजळतंय, घाम आलाय. डॉक्टरणीने विचारलं होतं, जेवणानंतर सुरू झालं का? आईने हो म्हटलं होतं. मग उत्तर: अपचनाची शक्यता जास्त. विश्रांती घ्या. चार तासांनी विचारपूस करू. सहा दहाला खरोखरच विचारपूस झाली होती. आता कसं वाटतंय? आणि तो फोन हातात धरून उभा असतानाच, सात दहाला, शेवटची ओळ उमटली. उत्तर न आल्याने आपल्याला बरे वाटले असे समजत आहोत. तक्रार मिटली. काळजी घ्या.

त्याने फोन बंद न करता तसाच टेबलाच्या खणात टाकला. ताईला सांगितलं नाही, बायकोला सांगितलं नाही, नानांना तर नाहीच. आपसूक बॅटरी संपेल आणि ती ओळही संपेल, असं काहीतरी त्याच्या मनात असावं. लगेच दवाखान्यात नेलं असतं तरी ती वाचलीच असती असं नाही, हे तो स्वतःला रोज सांगत होता. रोज सांगावं लागत होतं, यातच काय ते आलं.

महिन्याभराने सरकारचा मसुदा बाहेर पडला. कलम नऊ: छातीत दुखणे, दम लागणे, शुद्ध हरपणे अशी तक्रार आल्यास यंत्राने परस्पर सल्ला देऊ नये, परिचारिकेने रुग्णाशी स्वतः बोलावे. कंपनीत धरणीकंप झाला. चोवीस तास बसायला शेकडो परिचारिका आणायच्या कुठून? छोटे मालक, म्हणजे कंपनी काढणारा पस्तिशीचा तरुण, ज्याला सगळे प्रेमाने आणि थोडं भिऊन असंच म्हणत, ते जावईबापूला म्हणाले, “हे कलम तेवढं मवाळ कर. ‘शक्य असेल तेथे’ एवढे तीनच शब्द घालून आण. बाकी मसुदा राहू दे.”

तीन शब्द. त्याने कलम नऊ वाचलं, पुन्हा वाचलं, आणि कामाला लागला. दुःखातला माणूस कामाला लागला की लोकांना त्याचं फार कौतुक वाटतं. तो कशापासून पळतोय हे कोणी विचारत नाही.

मसुद्यावर सरकारच्या समितीने नागरिकांची मतं मागवली होती. कंपनीने अ‍ॅपमधून वापरकर्त्यांना विनंती केली की समितीला पत्र पाठवा, मजकूर तयार आहे, फक्त ‘पाठवा’ दाबा. दाबलं सहा हजार जणांनी. काचेच्या बैठकखोलीत छोटे मालक हिरमुसले होते. “लाखो लोक वापरतात आणि पत्रं सहा हजार?”

तेव्हा जावईबापूच्या तोंडून ते निघालं. त्याने फार विचार केला नव्हता. माणसाच्या हातून त्याच्या धंद्यातली चूक अशीच होते, सवयीने. “सरकार स्वतः जे करतं तेच करू,” तो म्हणाला. “महिन्याभरात ज्यांनी अ‍ॅप रोज उघडलंय त्यांना कळवू, की सात दिवसांत नकार न आल्यास तुमचा पाठिंबा आहे असं समजून तुमच्या नावाने पत्र पाठवू. ज्याला नको तो नाही म्हणेल.”

वकिलांनी अटी-शर्ती चाळल्या आणि मान डोलावली. आठव्या दिवशी पत्रं गेली अठ्ठेचाळीस हजार. ‘या सेवेने मला घरबसल्या आधार दिला आहे. माझ्या आणि मदतीच्या मध्ये कोणी नको.’ खाली प्रत्येकाचं नाव, पत्ता. छोट्या मालकांनी सगळ्यांसमोर त्याच्या पाठीवर थाप मारली.

एक गोष्ट मात्र सगळेच विसरले होते. समितीच्या नोंदणीबाई.

या बाई तीस वर्षं त्याच टेबलाशी होत्या. उडत्या कावळ्यालासुद्धा आवक क्रमांक देतील, असं त्यांच्याबद्दल बोललं जायचं. समितीचा एक जुना नियम होता की पत्र लिहिणाऱ्या प्रत्येक नागरिकाला त्याच्या घरच्या पत्त्यावर टपालाने पोचपावती, सोबत त्याच्या पत्राची प्रत, जावी. एरवी पत्रं यायची वीस-पंचवीस, त्यामुळे तो नियम कोणाच्या ध्यानातही नव्हता. बाईंच्या होता. अठ्ठेचाळीस हजार पत्रं आली तेव्हा त्यांनी कुरकूर न करता आणखी दोन माणसं मागून घेतली आणि तीन आठवडे अख्ख्या मजल्याला डिंकाचा वास येत राहिला.

“जावईबापू,” त्या एकदा चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “तुमच्या लोकांनी माझी बोटं झिजवली.”

त्याने दुसऱ्या दिवशी नानांच्या जुन्या डब्यातली पत्रं मोजायची रबरी टोपी आणून त्यांना दिली. बाईंनी ती बोटात घालून बघितली आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे बघून हसल्या. ह्यालाच तो ‘शासकीय संबंध’ म्हणत असे, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

मसुद्यावरच्या सुनावणीच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, नानांचा फोन आला. कामाच्या वेळात. चार महिन्यांत पहिल्यांदाच.

“ऑफिस सुटलं की इकडे ये,” ते म्हणाले.

“काय झालं, नाना? बरं आहे ना?”

“मला बरं आहे. ये.”

तो पोचला तेव्हा उन्हं उतरली होती. नाना स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते. इस्त्रीचा शर्ट, वरपर्यंत गुंड्या लावलेल्या, जसे ते पूर्वी ड्यूटीवर निघताना असत. समोर एक पाकीट होतं. आणि पाकिटाशेजारी आईचा फोन, चार्जरला लावलेला, हिरवा दिवा चालू.

तो खुर्ची ओढायला गेला आणि तसाच थांबला.

“बस,” नाना म्हणाले. “चहा थर्मासमध्ये आहे.” त्यांनी पाकीट त्याच्याकडे सरकवलं. “हे सकाळी आलं. वाच.”

वाचायची गरज नव्हती. नोंदणीबाईंच्या शिक्क्याची निळी शाई तो झोपेतही ओळखला असता. पत्ता या घराचा होता. नाव आईचं.

“हिने सरकारला पत्र लिहिलं,” नाना म्हणाले. “तारीख आहे आत. ती जाऊन तीन महिने झाल्यावरची. मी चौतीस वर्षं पत्रं वाटली. उशिरा पोचलेलं पत्र पाहिलंय, चुकीच्या दारात पडलेलं पाहिलंय. पण गेल्यावर लिहिलेलं नाही पाहिलं. तू सांग.”

त्याने सांगायला सुरुवात केली. कंपनी, मसुदा, पाठिंबा, प्रक्रिया. सचिवालयात हे सगळं कसं सुरळीत वाटायचं. इथे, आईच्या ओट्यासमोर, एकेक शब्द जिभेला चिकटत होता.

“पण मी काही दाबलं नव्हतं,” नाना मध्येच म्हणाले. “त्या फोनवर ते आलं होतं. लांबलचक. मी वाचलं, मला कळलं नाही, म्हणून मी कशालाच हात लावला नाही.”

“म्हणूनच, नाना.”

“म्हणूनच काय?”

“हात लावला नाही म्हणूनच ते गेलं. सात दिवसांत नको म्हटलं नाही तर हो समजायचं, असं होतं.”

“असं कोणी ठरवलं?”

त्याने पाकीट उचललं आणि परत खाली ठेवलं.

“मी,” तो म्हणाला.

नानांनी थर्मासमधून चहा ओतला, त्याच्यापुढे ठेवला आणि स्वतःसाठी ओतायला विसरले. पाकिटावरून बोट फिरवत राहिले, पत्त्याच्या ओळीवरून.

“पण फोन,” त्याने विचारलं. “तो तर मी खणात टाकला होता. तो चालू कसा?”

“मी काढला. दुसऱ्याच दिवशी. वाजत होता.” नानांनी आवाज साफ केला. “रोज सकाळी विचारतो तो, आज कसं वाटतंय? उत्तर दिलं नाही की परत विचारतो. मग मी ‘ठीक’ दाबतो. तेवढंच कोणीतरी तिची चौकशी करतंय असं वाटतं. मला कळतं की वेडेपणा आहे.”

रोज सकाळी. म्हणजे कंपनीच्या यादीत आई अगदी नियमित वापरणारी होती. आणि म्हणजे रोज सकाळी, त्या प्रश्नाच्या वर, तेच शेवटचं बोलणं.

“मग तुम्ही वाचलंय,” तो म्हणाला. “त्या दुपारचं.”

“वाचलंय. पाठ झालंय.”

“नाना, मी सांगणार होतो.”

“तूही वाचलं होतंस हे मला ठाऊक होतं. त्या संध्याकाळी तू फोन खणात टाकलास तेव्हा तुझं तोंड मी बघितलं. म्हटलं, आज नको बोलू दे. तेराव्या दिवशी बोलेल, चौदाव्या दिवशी बोलेल. महिन्याने बोलेल.” त्यांनी फोनची वायर सरळ केली. “मग बघितलं तर तू त्याच कंपनीच्या कामात आणखीच बुडालेला. मी आपला ‘ठीक’ दाबत बसलो.”

चार महिने बापलेकांची अळीमिळी गुपचिळी चालली होती. रविवारी तो यायचा, दोघं क्रिकेट बघायचे, तो औषधांच्या गोळ्या मोजून डबीत भरून द्यायचा. नाना विचारत नाहीत म्हणजे त्यांना काही माहीत नाही, आणि माहीत नाही म्हणजे सारं निभावलं, असं तो धरून चालला होता. सगळ्या जगाशी वागायची जी रीत, तीच त्याने बापाशीही चालवली होती. त्याला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

“ती वाचली असती का, मला ठाऊक नाही,” नाना म्हणाले. “डॉक्टरलाही ठाऊक नाही. त्याचा दोष मी तुला देत नाही, कधीच दिला नाही. ती स्वतः शेजारी जाऊन दार वाजवू शकत होती. तिचा स्वभाव, कोणाला त्रास नको. पण त्यात लिहिलंय, तक्रार मिटली. आणि आता यात लिहिलंय की तिला आधार मिळाला, मध्ये कोणी नको.” त्यांनी पाकिटावर हलकेच थोपटलं. “हे तिच्या नावावर ठेवू नये रे.”

ते उठले, आतल्या खोलीत गेले आणि लाल पेन्सिल घेऊन आले. ती त्याने लहानपणापासून बघितलेली होती, आता बोटभर उरलेली. नानांनी पाकीट सरळ ठेवलं, पत्त्यावर एक तिरकी रेघ मारली आणि कोपऱ्यात, टपालखात्यात रोज लिहायचे तसं, ठसठशीत अक्षरात लिहिलं: मयत. परत. खाली आई गेल्याची तारीख घातली आणि सही केली.

“माणूस गेला की त्याच्या नावचं टपाल असं परत पाठवायचं असतं,” ते म्हणाले. “दर वेळी मी दारात उभा राहून, घरच्यांना विचारून मगच लिहायचो. न विचारता एकदाही लिहिलं नाही. हे मी पोस्टात टाकू शकतो. उद्या टाकलं तर परवा पोचेल. तुमची ती सुनावणी कधी आहे?”

“उद्या. अकराला.”

“म्हणजे पोस्टाने उशीर होईल.”

“हो.”

“मग तू घेऊन जा. नाहीतर नको नेऊस. तुझी नोकरी आहे, तुझ्या घरी दोन पोरं आहेत, मला कळतं. मी तुला विचारणार नाही.” नाना दारापर्यंत त्याच्यासोबत आले. “पण एक सांगून ठेवतो. मी विचारलं नाही म्हणजे मला चाललं, असं समजू नकोस.”

सुनावणीचं दालन लांबट होतं. मधोमध टेबल, एका बाजूला समितीचे पाच सदस्य, दुसऱ्या बाजूला कंपन्यांची आणि संघटनांची माणसं, टोकाला नोंदणीबाई आणि त्यांची जाडजूड वही. जो बोलेल त्याला बाई मान वर न करता एकच प्रश्न विचारत, “कोणाच्या वतीने?”, आणि उत्तर लिहून घेत.

त्याने दहा मिनिटं मांडणी केली. वर्षानुवर्षांच्या सवयीने ती झालीही उत्तम. परिचारिकांची टंचाई, दूरच्या वस्त्या, खर्च. समोरच्या बाजूने परिचारिका संघटनेच्या एक वयस्क बाई दोनच मिनिटं बोलल्या. म्हणाल्या, “माणूस दुखण्यात खरं सांगत नाही, साहेब. ‘फार नाही हो’ असंच म्हणतो. ते आवाजावरून कळतं.” अध्यक्षांनी मान हलवली आणि पुढचा कागद घेतला. ‘फार नाही हो.’ त्याला आईचा आवाज ऐकू आला, जसाच्या तसा.

पाकीट त्याच्या पायाशी बॅगेत होतं. सकाळपासून त्याने काही ठरवलं नव्हतं. ते नुसतं सोबत आणलं होतं, म्हणजे आणलं नाही असं स्वतःशी तरी म्हणता येणार नाही.

दुपारचा दीड वाजत आला. सदस्य घड्याळाकडे बघू लागले. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला.

“तर कलम नऊ,” ते म्हणाले, “परिचारिकेने ‘शक्य असेल तेथे’ स्वतः बोलावे, असा बदल सुचवलेला आहे. अठ्ठेचाळीस हजार नागरिकांनी लेखी तसंच मागितलेलं आहे, ही काही लहान संख्या नव्हे. समितीचाही कल तसाच दिसतो. कोणाची हरकत?”

एक. शेजारी छोटे मालक पेनाचं टोपण लावत होते. दोन. परिचारिका संघटनेच्या बाई आपल्या कागदांची चळत सारखी करत होत्या. त्यांचं बोलून झालं होतं, आणखी काय बोलणार. तीन. मरेपर्यंत पुरेल एवढी शांतता त्या खोलीत होती. चार.

“हरकत नाही, असं—”

“हरकत आहे.”

बोललं कोण हे बघायला त्याच्यासकट सगळ्यांनी मान वळवली. तो उभा होता.

“अरे, काय करतोयस?” छोट्या मालकांनी त्याची बाही धरली. “खाली बस.”

अध्यक्ष गोंधळले. “तुमची हरकत? अहो, तुम्हाला हवं तेच तर करतोय आम्ही.”

टोकावरून नेहमीचा प्रश्न आला, नेहमीच्याच सुरात. “कोणाच्या वतीने?”

अकरा वर्षं जिभेला एकाच उत्तराची सवय होती. त्याने बॅगेतून पाकीट काढलं.

“आईच्या,” तो म्हणाला.

बाईंनी मान वर केली.

तो टेबलाला वळसा घालून त्यांच्याकडे गेला आणि पाकीट वहीवर ठेवलं. “ही पोचपावती तुम्ही तिला पाठवलीत. तिने पत्र लिहिलेलं नाही. तिच्या नावाने आम्ही पाठवलं. अठ्ठेचाळीस हजारांतल्या सहा हजारांनी स्वतः पाठवलीत. बाकीच्यांनी फक्त उत्तर दिलं नाही. उत्तर न देणाऱ्याचा होकार धरायचा, ही कल्पना माझी होती.” आता थांबणं शक्य नव्हतं. “ती ज्या दुपारी गेली त्या दुपारी तिने आमच्या अ‍ॅपला विचारलं होतं, छातीत जड वाटतंय म्हणून. अ‍ॅपने विश्रांती घ्यायला सांगितलं. तिने नंतर उत्तर दिलं नाही, म्हणून तक्रार मिटली अशी नोंद झाली. तो फोन घरी आहे. समिती म्हणेल तेव्हा आणून दाखवतो.”

छोटे मालक खुर्चीत मागे टेकले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर रागापेक्षा भीती जास्त होती. बाईंनी पाकीट उचललं. लाल पेन्सिलीची अक्षरं वाचली, खालची तारीख वाचली, सही बघितली. मग रबरी टोपी घातलेल्या बोटाने वहीची पानं उलटत त्यांनी आवक क्रमांक शोधला. त्या ओळीत ‘पाठिंबा’ असं लिहिलेलं होतं. पत्राची तारीख आणि पाकिटावरची तारीख त्यांनी शेजारी शेजारी धरून पाहिल्या.

एक सदस्य खाकरले. “पण बाई, मतं पाठवायची मुदत तर मागच्याच महिन्यात संपली. आता ही हरकत घेता येते का?”

“पत्राची मुदत संपली, साहेब,” नोंदणीबाई म्हणाल्या. “अध्यक्षसाहेबांचं वाक्य पुरं व्हायचं होतं.” त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि लिहायला लागल्या. “हरकत मुदतीत आहे.”

अध्यक्षांनी पाकीट मागवून घेऊन वाचलं. मग कलम नऊ आज पुढे जाणार नाही आणि सगळी पत्रं पुन्हा तपासली जातील, असं सांगून त्यांनी बैठक उठवली.

बाहेर शिपायाने सवयीने त्याच्यासाठी चहा आणला होता. तो नको म्हणून जिना उतरला. छोटे मालक लिफ्टने गेले, त्याच्यासाठी थांबले नाहीत. संध्याकाळपर्यंत कार्ड परत मागितलं जाणार हे त्याला ठाऊक होतं. पायरीवर बॅग ठेवून त्याने खिशातून फोन काढला. दुपारचे दोन वाजले होते, भर कामाची वेळ.

पहिल्याच घंटीला तो उचलला गेला. नानांनी काही विचारलं नाही. त्याने सांगितलं.